आबाजीची मोटार आणि गोणपाटातला कार्बोरेटर

१९ नोव्हेंबर २०२३ हा रविवार होता आणि अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. आमच्या जुन्या घराचा मधला खण पाडायला आलेल्या गड्यांना दुपारी दोनच्या आत हात धुऊन टीव्हीसमोर बसायचं होतं. त्या घाईत धाब्याची माती भसकन खाली आली, तिच्याबरोबर सागाची एक फळी आली, आणि फळीवर कधीकाळी ठेवलेलं गोणपाटाचं गाठोडं. सुतळी हात लावताच तुटली, गोणपाटाचा भुगा झाला. आत लोखंडाचं काहीतरी होतं. दोन-तीन पितळी तुकडे लागलेलं, नारळाएवढं, पण उचलायला चांगलंच जड.

"बाम-गिम तं नाई न गुरुजी?" एक गडी दोन पावलं मागं सरकून म्हणाला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. यंत्रातलं मला फार कळत नाही. पण वडिलांची राजदूत मोटारसायकल दर रविवारी अंगणात उघडी पडलेली असायची आणि पेट्रोलमध्ये जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी पुंगळ्या, धुवायचं काम माझ्याकडे असायचं. तेवढ्या पुंजीवर ओळखलं, की हा कार्बोरेटर आहे, इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण करून देणारा भाग. एवढा मोठा आणि एवढा विचित्र मात्र मी पाहिला नव्हता.

आमच्या घरात एक वाक्य पिढीजात चालत आलंय : "आबाजीची मोटार होती." आबाजी म्हणजे माझे आजोबा. वरुड-मोर्शी पट्ट्यात त्यांची संत्र्याची बाग होती, ती अजून आहे. मोटार कोणती, कोणत्या रंगाची, शेवटी गेली कुठं, हे मात्र कोणीच सांगत नसे. एक फोटो नाही, एक कागद नाही. लग्नाच्या बोलणीत हे वाक्य हमखास निघायचं आणि समोरचे माना डोलवायचे. म्हणून तो लोखंडाचा गोळा हातात आला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, मोटारीचा पुरावा सापडला.

पुढचे सात महिने त्यात गेले. कोणाच्या माळ्यावर असलं काही निघालं, तर त्यानं माझ्याइतके फेरे मारू नयेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय, माझ्या चुकांसकट.

पहिली चूक तर हास्यास्पद आहे. महिनाभर मी ती वस्तू उलटी धरून बसलो होतो. दोन बोल्टांची भोकं असलेली सपाट पट्टी दिसली, तिला मी बूड समजलो, कारण जीपचा कार्बोरेटर इंजिनावर तसाच वरून बसतो. उलटे फोटो काढले आणि ओळखीच्या सगळ्या गॅरेजवाल्यांना पाठवले. मग उत्तरंही तशीच येणार. एकानं जुन्या जीपचा सांगितला, एकानं जनरेटरचा, तर एकानं "पंपाचा व्हॉल्व्ह दिसते" असं कळवून मोकळं केलं. गावातले एक काकाजी छातीठोकपणे म्हणाले, "हा विमानाचा हाय. लढाईच्या टायमाले एक विमान उतरलं होतं नदीच्या रेतीत." विमान उतरलेलं काकाजींनी पाहिलं नव्हतं, त्यांच्या मामांनी पाहिलं होतं. भंगारवाल्यानं ते किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं, अडीच किलोच्या आसपास भरलं. "बीड हाय, पितळ थोडंसं. सव्वाशे देतो." त्याचा हिशेब सगळ्यांत पक्का होता.

उलटसुलटचा घोळ सुटला तो नाताळच्या सुट्टीत, आणि तोही भाच्यामुळे. तो तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानं एकच प्रश्न विचारला : "मामा, यात पेट्रोल साठते कुठं?" साठवायचा कप ज्या बाजूनं पेट्रोल धरून ठेवेल ती बाजू खाली, हे इतकं सरळ होतं. कप खाली धरला आणि ती सपाट पट्टी वर गेली. म्हणजे हा कार्बोरेटर इंजिनाच्या खाली लटकत असणार, हवा बाजूच्या तोंडातून घेऊन वर ढकलत असणार. मिस्त्री लोक याला अपड्राफ्ट म्हणतात. जुन्या मोटारींत आणि ट्रॅक्टरांत हीच रीत होती. पेट्रोल गळलं तर इंजिनात न जाता जमिनीवर पडायचं, हा तिचा मोठा फायदा. जीप त्याच क्षणी बाद झाली, कारण तिचा वरून खाली वाहणारा.

आता साफसफाई. इथं घाई करू नका, हे मी घाई केलेला माणूस सांगतोय. कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे ३२० रुपयांना मिळाला, पितळी तारेचा ब्रश ६० रुपयांना. लोखंडी तारेचा ब्रश घेऊ नका, पितळेवरचे बारीक आकडे तो खाऊन टाकतो. तीन रात्री डिझेलमध्ये बुडवून ठेवला. चौथ्या दिवशी मी घरातल्या साध्या पेचकसानं खालचा एक जेट फिरवायला गेलो आणि त्याची खाच चेंदामेंदा केली. तो आवाज अजून कानात आहे. शंभरीकडे झुकलेला जेट, आणि तो निकामी केला कोणी, तर त्याचा पत्ता शोधायला निघालेल्या माणसानं.

पण गंज आणि काळा चिकट थर निघाल्यावर बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, अंगावर उठावाची अक्षरं दिसली : झेनिथ. घरात पेढे वाटायचेच बाकी होते.

नाव सापडलं की काम झालं असं वाटतं, तसं ते होत नाही. झेनिथ हे कार्बोरेटर बनवणाऱ्याचं नाव, गाडीचं नव्हे. फ्रान्समधल्या ल्यों शहरात हे नाव सुरू झालं, मग इंग्लंड-अमेरिकेतही त्यांचे कारखाने निघाले, आणि अर्ध्या जगाच्या इंजिनांवर हे बसत होते. झेनिथ आणि अपड्राफ्ट या दोन खुणांवर मी ६ जानेवारीला जाहीर केलं, की हा फर्ग्युसन टी-ई-२० ट्रॅक्टरचा आहे. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीत पाच लाखांवर बनलेला तो करड्या रंगाचा छोटा ट्रॅक्टर. त्यालाही झेनिथच होता. बाग होती, ट्रॅक्टर असेल, इंग्रजांच्या काळातली वस्तू इंग्लंडचीच असणार, सगळं कसं चपखल बसत होतं. तीन आठवडे मी तो ट्रॅक्टर आमच्या अंगणात उभा असलेला डोळ्यांसमोर पाहत होतो. मोटारीच्या जागी ट्रॅक्टर आला म्हणून थोडा हिरमुसलोही होतो.

२८ जानेवारीच्या रविवारी परतवाड्याला गेलो. मेळघाटातून सागाच्या लाकडाचे ट्रक आणि जुन्या जीपा वागवणारं हे गाव, तिथं हाताचे जुने कारागीर अजून सापडतात. एका लग्नात ओळख झालेले मिस्त्रीचाचा पंच्याहत्तरीचे आहेत, आता फक्त ओळखीचं काम करतात. त्यांनी पिशवीतून वस्तू काढली, वास घेतला, आणि खराब झालेल्या जेटवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"हे तुमचंच काम न?"

मी मान हलवली.

"जेट पितळेचा राहते मास्तर. डोयातलं कुसळ काहाडतो न आपण, तसा काहाडा लागते."

मग त्यांनी टिनाच्या डब्यातून आटे मोजायच्या पट्ट्या काढल्या. करवतीसारखे दात असलेल्या या पातळ पट्ट्या आट्यांवर धरून पाहायच्या, कोणती घट्ट बसते ते बघायचं. इंग्लंडचे जुने व्हिटवर्थ आटे ५५ अंशांच्या कोनाचे, अमेरिकेचे ६० अंशांचे. चाचांनी इंग्रजी पट्टी धरली आणि उजेडाकडे केली. फटीतून उजेड दिसला. अमेरिकन पट्टी धरली, ती बसली. दुसऱ्या बोल्टवर पुन्हा तेच.

"इंग्लंड नाई. अमेरिका."

फर्ग्युसन अंगणातून निघून गेला. विमानाचंही त्यांनी दोन वाक्यांत निकालात काढलं. विमानाच्या कार्बोरेटरचे स्क्रू हादऱ्यानं सुटू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांना बारीक भोकं पाडलेली असतात, त्यातून तार ओवून पीळ देतात. इथं एकाही डोक्याला भोक नव्हतं. आमच्या काकाजींना हे अजून सांगितलेलं नाही.

चाचांनी दाखवलेल्या पुढच्या दोन गोष्टींनी सगळी दिशा बदलली. वरच्या नळीत हवा कमी-जास्त करणारी गोल चकती असते, थ्रॉटलची. त्यांनी बॅटरी मारून नळीच्या भिंतीवर एक बारीक काळी रेघ दाखवली. चकती अर्धवट उघडी ठेवली की तिची कड नेमकी त्या रेघेवर येत होती. "गाडी चालवताना हे सारखं खालीवर होते. एका जागी थांबत नाई. हे तं वर्सानुवर्स एकाच जागी रायलं." दुसरी गोष्ट, पेट्रोल आत येण्याच्या तोंडाशी पितळेचा एक टी-आकाराचा तुकडा झाळून बसवलेला होता. काम कारखान्यातलं नव्हे, गावच्या लोहाराच्या हातचं. एका कार्बोरेटरला दोन वाटांनी तेल येत होतं.

"आधी काय होतं ते वेगळं," चाचा म्हणाले, "आन मंग याले काय कामाले लावलं ते वेगळं. तुमाले दोन्ही शोधा लागन."

पैसे घ्यायला तयार नव्हते. नातवाच्या हातावर पाचशे रुपये ठेवून निघालो. वस्तू जन्मली कशासाठी आणि राबली कुठं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी दोन्हींची उत्तरं एकाच नावात शोधत होतो.

पहिलं उत्तर लवकर मिळालं. चाचांनी आणखी एक खूण सांगितली होती : वरचा आणि खालचा भाग जोडणारा मधला एकच लांब बोल्ट. त्यावर भाच्यानं जुन्या अमेरिकन गाड्यांची चित्रं चाळली आणि फोर्ड मॉडेल ए पुढे येऊन उभी राहिली. चित्रावर विश्वास ठेवायची हौस फर्ग्युसनच्या वेळीच फिटली होती. नागपुरात एका गृहस्थांकडे ही गाडी चालू स्थितीत आहे असं कळलं. दोन फोन, एक निरोप, आणि ३ मार्चची वेळ मिळाली.

पिशवीत कार्बोरेटर घेऊन एसटीत बसलो. कंडक्टरनं पिशवीला पाय लागला म्हणून "काय हाय?" विचारलं. मी कार्बोरेटर म्हटल्यावर त्याला वाटलं आपलीच बस दुरुस्त करायला माणूस आलाय.

त्या गृहस्थांनी वर्तमानपत्र अंथरून दोन्ही कार्बोरेटर शेजारी ठेवले. त्यांचा चकचकीत, आमचा कुष्ठ झाल्यासारखा. पण भावंडं होती. तोच मधला बोल्ट, तेच बाजूचं तोंड, आणि वरून आत जाणारी तीच लांब पितळी सुई, जिनं मला तीन महिने छळलं होतं. आमच्या सुईला वर टी-आकाराची ओबडधोबड मूठ होती, त्यांच्या सुईला मूठच नव्हती. त्यांच्या गाडीत डॅशबोर्डखालून एक दांडी येते आणि सुईच्या खाचेत बसते. दांडी ओढली की चोक, म्हणजे हवा अडते, फिरवली की पेट्रोल कमी-जास्त. म्हणजे चालवणारा माणूस बसल्या जागेवरून मिश्रण घट्ट-पातळ करायचा. भिंगातून आमच्या मुठीच्या झाळाखाली पाहिलं, तर तीच खाच अर्धी बुजलेली दिसली. डॅशबोर्ड नाही, दांडी नाही, म्हणून कोणीतरी वर मूठ झाळून घेतली होती.

गृहस्थ बोलायला लागले की थांबत नव्हते, आणि मला तेच हवं होतं. मॉडेल ए डिसेंबर १९२७ मध्ये बाजारात आली आणि चारेक वर्षांत पन्नास लाखांच्या जवळपास बनली. ३.३ लिटरचं, ४० अश्वशक्तीचं चार सिलिंडरी इंजिन. पेट्रोलची टाकी समोरच्या काचेच्या खालीच, त्यामुळे पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनानं उतरत यायचं. फोर्डनं १९२६ मध्ये भारतात कंपनी काढली होती, आणि ब्रिटन-आयर्लंड सोडून ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांचा फोर्डचा धंदा कॅनडाच्या शाखेकडे होता. म्हणजे इंग्रजांच्या राज्यात राहून आमच्या घरात आलेली वस्तू अमेरिकन घाटाची, हे कोडं तिथं सुटलं.

जेटचं गणित त्यांनी छान समजावलं. साध्या जेटचा स्वभाव असा, की इंजिनाची ओढ वाढली की तो गरजेपेक्षा जास्तच पेट्रोल सोडतो. झेनिथच्या फ्रांस्वा बाव्हेरी या माणसानं त्याच्या जोडीला दुसरा जेट दिला. तो एका उघड्या विहिरीवजा खोलगटात पाझरतो, त्यामुळे ओढ कितीही वाढो, त्यातून ठरलेलंच पेट्रोल येतं. मला बैलजोडीच आठवली. एक हाकलला की उधळणारा, दुसरा कितीही हाकला, आपल्या चालीनं चालणारा. दोघं एका जुवाखाली आणले की औत सरळ चालतं. मी खाच मोडली होती ती या दुसऱ्या, गरीब बैलाची.

"पण ही मोटारच होती का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. हाच कार्बोरेटर, हेच इंजिन फोर्डच्या दीड टनी डबल ए ट्रकलाही होतं. अशा ट्रकांच्या सांगाड्यावर लाकडी बाक ठोकून खेड्यापाड्यांत सर्व्हिस मोटारी चालायच्या. नुसत्या कार्बोरेटरवरून मोटार की ट्रक हे सांगता येत नाही.

परतताना डोळ्यांसमोर आबाजींना धोतर-टोपीत त्या स्टिअरिंगमागं बसवून पाहिलं. जमत नव्हतं.

मग कागद. परिवहन खात्यात चौकशी केली, पण नोंद शोधायची तर गाडीचा किंवा चेसिसचा नंबर लागतो, कार्बोरेटरवर तो कुठून असणार? तो रस्ता तिथंच बंद झाला. चाचांची काळी रेघ मात्र डोक्यातून जात नव्हती. एका जागी, एका वेगानं वर्षानुवर्षं चालणारं इंजिन बागेत असेल तर ते विहिरीवर. आणि विहिरीवरच्या इंजिनाचा माग जमिनीच्या कागदांत लागू शकतो, कारण जुने शेतकरी इंजिनासाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, काढत आणि तिचा बोजा फेरफारात चढत असे. हे मला आमच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगितलं, त्यांचे वडील पटवारी होते.

ज्यांना असं शोधायचंय त्यांच्यासाठी जरा सविस्तर. नुसता आजचा सातबारा उपयोगाचा नाही. १५ रुपयांत ऑनलाइन निघतो, पण त्यात जुने फेडलेले बोजे दिसत नाहीत. जुन्या फेरफाराची नक्कल मागावी लागते. त्यासाठी अर्जात गाव, जुना सर्व्हे नंबर (आजचा गट नंबर नव्हे, इथं बरेच जण अडकतात), खातेदाराचं पूर्ण नाव आणि अंदाजे वर्षं द्यावीत. मी १९४५ ते १९६० असा पंधरा वर्षांचा पट्टा लिहिला. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. पोच मागून घ्या, तारखेचा शिक्का पाहा.

११ मार्चला अर्ज दिला. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. अभिलेख कक्षातले लिपिक निवडणुकीच्या कामाला गेले, आणि तक्रार तरी कोणत्या तोंडानं करू, मीही गेलो. २६ एप्रिलला आमच्याकडे मतदान होतं. मी मतदान केंद्रावर शाई लावत बसलो होतो आणि समोरच्या रांगेत तोच लिपिक मतदानाला आला. दोघंही हसलो. "जूनमध्ये या गुरुजी," तो म्हणाला. ४ जूनला मतमोजणी झाली, १० तारखेला गेलो तेव्हा रजिस्टर सापडलं होतं पण सहीवाले साहेब नव्हते. १९ जूनला नक्कल हातात पडली. तीन फेऱ्या, शंभर दिवस.

कागद जीर्ण, अक्षर सुरेख. १९५३ सालची नोंद : विहिरीवर ऑइल इंजिन व पंप बसवण्याकरता तगाई, रुपये बाराशे, बोजा दाखल. खाली आबाजींची सही.

पहिल्या क्षणी वाटलं, सापडलं. दुसऱ्या क्षणी भाचा म्हणाला, "मामा, ऑइल इंजिन म्हणजे डिझेल. त्याले कार्बोरेटर नसते." खरंच की. डिझेल इंजिनात तेल पंपानं थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. म्हणजे हा कागद आमच्या कार्बोरेटरच्या कामाचा नव्हता, त्याच्या निवृत्तीचा होता. १९५३ मध्ये नवं इंजिन आलं आणि हा गोणपाटात गेला. त्याआधी काय, ते कागदावर नव्हतं.

एव्हाना मी निदान वीस जणांना विचारलं होतं. काका, चुलत काका, गॅरेजवाले, निवृत्त पटवाऱ्याचा मुलगा. सगळे पुरुष. आबाजींची थोरली मुलगी, माझी मोठी आत्या, मुलताईला लेकीकडे राहते. वय ८८. यंत्राचं तिला काय विचारायचं, असं मी ठरवूनच टाकलं होतं, किंवा ठरवायचीही गरज मला वाटली नव्हती. हे लिहिताना लाज वाटते.

२३ जूनला, शाळा सुरू व्हायच्या आधी एका रविवारी, गेलो. वरुडहून मुलताई काही लांब नाही. पिशवीतून कार्बोरेटर काढून तिच्या पलंगावर ठेवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, तरी तिनं आधी हातानंच चाचपलं.

"व माय," ती म्हणाली. "हे तं मोटारीचं हाय."

"कोणती मोटार आत्या? आबाजी मोटार चालवत होते?"

"चालवतीन कायची? तिले चाकंच नोते."

मग तिनं जे सांगितलं ते मी तीनदा विचारून घेतलं, दर वेळी तेच सांगितलं. लढाईनंतर, ती दहा-अकरा वर्षांची असताना, आबाजींनी एका सर्व्हिस मोटारवाल्याकडून मोडीत निघालेल्या मोटारीचं इंजिन आणलं. बैलगाडीवर, पुढच्या जाळीसकट. विहिरीजवळ बाभळीच्या दोन ओंडक्यांवर बसवलं आणि पट्टा लावून पंप चालवला. त्याआधी बागेला मोट होती, दोन बैलजोड्या आणि दिवसभर एक माणूस. आंबिया बहाराला पाणी द्यायचं म्हणजे उन्हाळाभर मोटेचा करकर आवाज. मोट सुटली आणि ही आली. मोटारीचं इंजिन, म्हणून घरात तिचं नाव "मोटार". पुढं वीज आली, विहिरीवर विजेची मोटार बसली, मग हा शब्द गावात पंपालाच चिकटला. आणि आमच्या घरातले शहरात गेलेले लोक मात्र आबाजींना मोटारगाडीत बसवत राहिले.

"पेट्रोलवर चालायची?"

"सकाळी पयले पिटरोल. जांभळीच्या फांदीले डबा टांगला राहे. तापली का घासलेटवर टाकाची. घासलेट सस्तं न. आन बंद कराच्या आधी पुन्यांदा पिटरोलवर घ्याची, नाईतं सकाळी सुरूच नाई होत." ती थांबली. "हे मीच करो. बाबा पान्याच्या पाटावर राहे, मी मोटारीपाशी."

झाळलेल्या टी-तुकड्याचं, दोन वाटांचं उत्तर हे होतं. फांदीला डबा का, तेही जुळलं : पंपाविना, वरून उतरणाऱ्या पेट्रोलवर चालणारा हा कार्बोरेटर, त्याला उंचीच हवी होती. थंड इंजिनात घासलेटची वाफ होत नाही, म्हणून सुरुवात पेट्रोलवर. आणि संध्याकाळी कपात घासलेट उरलं तर सकाळी हँडल मारून मारून हात दुखतात, म्हणून शेवटही पेट्रोलवर. मॉडेल एच्या इंजिनात मिश्रण दाबण्याचं प्रमाण जेमतेम ४.२२ ला १, आजच्या पेट्रोल गाड्यांच्या निम्म्याहून कमी. तेवढ्या कमी दाबावर घासलेटसारखं हलक्या प्रतीचं इंधनही ठोके न देता जळून जातं. नागपूरच्या गृहस्थांना फोन करून हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, वंगणाचं तेल मात्र वरचेवर बदलावं लागत असणार, न जळलेलं घासलेट खाली उतरून ते पातळ करतं. आत्याला विचारलं. "काळं तेल? ते तं बंडीच्या चाकाले लावो आमी," ती म्हणाली.

सगळा खर्च, एसटी धरून, दोन हजार आठशेच्या आत झाला. मोडलेल्या खाचेचा जेट चाचांनी दोन दिवस तेलात ठेवून, शेकवून, सुखरूप काढून दिला. नवीन खाच पाडू का विचारत होते, मी नको म्हटलं.

निघायच्या आधी कार्बोरेटर पिशवीत भरायला गेलो तर आत्यानं तो मांडीवर ओढून घेतला. डाव्या हातानं कप धरला, उजव्या हाताचा अंगठा आणि बोट टी-मुठीवर नेमकं ठेवलं. साफ केल्यापासून सुई मोकळी फिरते. तिनं मूठ अर्धा आटा बंद केली, कान जरा पुढं केला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"जाय आता, पाटावर जाऊन पाह्य. पानी आलं का सांग."